फुगलेला खण

बाळकुमच्या गाळ्यातलं पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं.
भिंतीवर रेघ ठेवून गेलं, छातीइतकी.
चौकटीला गुण्या लावून पाहिला: नेमका काटकोन.
माझ्या हातून इतकी सरळ कधी आली नव्हती.

मोटर गेली. प्लायचे थर वहीसारखे सुटले.
रंध्यांची पाती घासलेटात बुडवून
एकेक पुसत कुमुद म्हणाली, "आता तरी पुरे."
पुरेच होतं. दिवाळीला गाळा भोईरांच्या तेजसला द्यायचा,
विसार घेतलेला,
पावती टेबलाच्या खणात.

खण फुगून बसला.
"फोडा ना काका," तेजस म्हणाला.
एकोणनव्वद सालचा सागवान, स्वतः घातलेलं डवटेल,
फोडतात होय?

मग रोज जायचं, सुकला का बघायला.
बसल्या बसल्या एखाद्या पटाशीला धार,
बालवाडीचा बाक,
कुणाचा पाय कुजलेला देव्हारा.
मशीन नाही म्हणून हातानंच, सावकाश;
दोन वाजता कुलूप.
हे असंही जमतं,
पस्तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

परवा खण आपसूक बोटभर सरकला.
आत पावतीचा लगदा.
मी तो हळूच परत ढकलला.
तेजसला फोनवर सांगितलं,
लाकूड अजून ओलं आहे रे.

कुमुद ऐकत होती.
म्हणाली, घासलेट संपलंय,
येताना बघा कुठं मिळालं तर.