जोडलंय म्हणता

धात्रकबाई मे महिन्यात निवृत्त झाल्या,
तरी अंबडच्या आमच्या व्हॉल्व्ह कारखान्यात
दिवसातून दहा-बारा वेळा बोलतात.
मेल लिहून पाठवायला जावं,
की पडद्याच्या मधोमध राखाडी चौकट :
जोडलंय म्हणता. पण जोडलंय कुठे?
खाली दोन बटणं. पाठवा. थांबा.

कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.
डबा बाजूला सरकवून, जेवणाच्या सुट्टीत,
त्रेपन्नाव्या वर्षी त्या मॅक्रो शिकल्या.
वहीत 'इफ' आणि 'देन'च्या मध्ये
लोणच्याच्या तेलाचा डाग आहे,
त्यातून मागच्या पानावरचं दिसतं.

पहिल्या दिवशी चौकटीत
मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली,
ओळभर.
मग त्यांनी चौकटच स्वतः बांधली
आणि एकेक अक्षर आकड्याने बसवलं.
ज म्हणजे दोन हजार तीनशे बत्तीस.
ड, दोन हजार तीनशे सदतीस.
काना, मात्रा, सगळ्याला नंबर,
बिल्ला लावून गेटातून आत घ्यावं तसं.

संध्याकाळी सातनंतर :
हा मेल सकाळीही जाईल. बस जाणार नाही.
मजकुरात तीन उद्गारचिन्हं असली तर :
पाणी पिऊन या.
(हे मला एकट्यालाच येतं,
असं डिस्पॅचमधल्या गायखेचं म्हणणं.)
आणि पत्त्यात 'कु' टाइप केलं,
की यंत्र सवयीने कुलथेंचं नाव पुढे करायचं,
तेव्हा :
कुलथे आता नाहीत. सवयीने आलं असेल. असू दे.
इथे बटण एकच.

आता पुण्याहून परिपत्रक आलंय,
सोमवारपासून मॅक्रो बंद, सुरक्षिततेसाठी.
बरोबरच आहे त्यांचं.
कुठल्याही अनोळखी फाइलीतून कुणीही आत येऊ शकतं.

काढण्याआधी एकदा बघावं म्हणून कोड उघडला.
ओळीच्या सुरुवातीला एक टिंबासारखं अवतरणचिन्ह दिलं
तर यंत्र ती ओळ वाचत नाही,
वगळून पुढे जातं.
तिथे बाईंनी लिहून ठेवलं होतं,
मोबाइलवर लिहितो तसं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी :
दरपत्रक न जोडता पाठवलं. ऑर्डर गेली. साहेबांना सांगितलं, सर्व्हर बंद होता.
शिरसाठला रागात लिहिलं. तो दोन महिने बोलला नाही.
कुलथे गेल्यावर आठव्या दिवशी त्यांना स्मरणपत्र गेलं,
'अजून उत्तर नाही' म्हणून.
मुलगी त्यांचे मेल बघत होती.

मी बराच वेळ खुर्चीत होतो.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो,
त्यावर ऊन होतं, एवढंच.

फोन केला. त्या जेलरोडला भाजी निवडत होत्या.
बंद करताय? करा की, म्हणाल्या.
माझ्या चुका होत्या त्या,
तुम्हाला कशाला पुरतील.
मग विचारलं, गायखेच्या मुलीचं लग्न ठरलं का?

शुक्रवारी सगळे गेल्यावर
मी एक मेल लिहिला, स्वतःच्याच पत्त्यावर :
'सोबत यादी जोडली आहे.'
यादी जोडली नाही. मुद्दाम.
चौकट आली.
सात वाजून गेले होते, म्हणून तिच्यामागे दुसरी.
पाठवा, थांबा.
मी माउसवरचा हात काढून घेतला
आणि बाहेर नाशिकरोडची बस
फाटकाशी थांबून, हॉर्न देऊन, गेली.