कूलर बंद करून

काटा मिलिग्रॅमचा आहे, कूलरचं वारं त्याला सोसत नाही.
म्हणून मे महिन्यात, दुपारी अडीचला,
शेहेचाळीस अंशांवर मी कूलर बंद करते
आणि पुष्कर हेडाऊ रुमालाने मान पुसत म्हणतो,
"मॅडम, लवकर पाहा ना जी, जीव चालला इथं."

इतवारीतून आलाय. मोडीच्या ढिगातून उचललंय त्याने हे.
तोरड्या, वाळे, कुहीकडच्या कुणा बाईचा करदोडा,
आणि त्यात हे, नखाएवढं, काळपट,
वरच्या अंगाला तुटक्या कानाचा डाग.
कुणीतरी गळ्यात घालत होतं.
किती गळ्यांत, ते काटा सांगत नाही.

काटा सांगतो, तीन पूर्णांक एकतीस.
यायला हवं होतं पावणेचारच्या वर.
झीज धर, म्हणते मी, कापडाला घासून घासून चांदी जाते.
पण अर्धा ग्रॅम?

काठ आधी. नेहमी काठ आधी,
चेहरा मागाहून, चेहरा भुलवतो.
ओतीव असतं तर काठाला शिवण सापडली असती
कानशीने घासून लपवलेली,
आणि भिंगाखाली अनारशाला पडते तशी जाळी.
नाही. हे ठोकलेलं आहे.
दोन भेगा आहेत, घण बसला तेव्हा धातू फाटला तिथे.

"वाजवून पाहू?"
अजिबात नाही. इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ होते,
बद्द बोलते.
खणखणतं ते बहुधा गेल्या महिन्यातलं.

मग राजा. माळ घातलेलं डोकं, तोंड उजवीकडे,
नाक जमलंय, मान जरा लांबच.
उलट बाजूला बसलेली बाई, हातात फांदी,
खुर्चीचे पाय मात्र बाजेचे.
आणि भोवती अक्षरं.
पहिली सहा नीट. सातव्यापासून हात चाचपडतो:
काठी, काठी, खुंटी, गोल, परत काठी.
ज्याने हा ठसा कोरला त्याला वाचता येत नव्हतं.
त्याने अक्षरांचं चित्र काढलं
आणि चित्र काढता काढता कंटाळला असावा.

रोमचं नाही, मी म्हणते.
इकडचंच वाटतं. काळ मात्र तोच, बहुधा.

"म्हणजे नकली." पुष्कर चपला शोधायला लागतो.

थांब.
कपाटातून मी लोखंडी वजन काढते, पाचशे ग्रॅमचं.
चौऱ्याण्णव साली तुझ्या बाबूजींच्या दुकानातून जप्त केलेलं,
खटला मिटल्यावर माझ्या टेबलात राहून गेलेलं.
तळाच्या शिशावर वजनमापे खात्याचा शिक्का,
माझाच क्रमांक, फक्त त्यातला चार आरशातला.
खिळ्याने कोरला होता त्यांनी. रांगेत उभं राहायला वेळ नाही, म्हणाले.
मी दंड केला. त्यांनी भरला, पावती मागून घेतली,
आणि पाच वर्षं भर बाजारात मला ओळख दिली नाही.

खात्याच्या काट्यावर मी ते तोललं होतं तेव्हा.
पाचशे. गुंजभरही कमी नाही.
शिक्का खोटा, वजन खरं.
तुझ्या बाबूजींना हे मी सांगितलं नाही,
कुणालाच नाही,
अहवालात तसा रकाना नव्हता.

पुष्कर वजन हातात घेतो. अंगठ्याने तो चार चाचपतो,
मी मघा काठ चाचपला तसा.
"चार उलटाच काढत होते जी ते," म्हणतो,
"शेवटपर्यंत. बँकेच्या चेकवरसुद्धा.
मॅनेजर ओरडायचा."

माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब काट्यात पडतो,
आकडे पळतात, नाणं क्षणभर
जेवढं असायला हवं होतं तेवढं होतं.

"मग किती द्याल याचे?"
भाव नंतर बोलू. आधी कूलर लाव.

तो लावत नाही.
वजन अजून त्याच्या हातात आहे.