कलम सात, दात वगळून

ऑगस्टाच्या विधानभवनात, तळमजल्यावरच्या सुनावणीच्या खोलीत
मी दिव्यांची कारकून.
हिरवा पेटला की बोला. पिवळा म्हणजे आवरा.
तांबडा लागला की कुणाच्या नवऱ्याचं यकृत असो
की कुणाचं कर्ज,
वाक्य तिथंच ठेवून उठायचं.
माणशी तीन मिनिटं. घड्याळ माझ्या हातात,
आणि डाव्या दाढेत कळ, रविवारपासून.

विधेयक अकराशे चार:
तळ्याकाठची जी घरं वर्षातून सहा आठवडेच जागी असतात
त्यांच्यावर वाढीव कर;
त्या पैशातून, ज्यांना कुणी मालक नाही
म्हणून विमाही नाही, त्यांना विमा.
कलम एक ते सहा: काळीज, हाडं, डोळे, बाळंतपण.
कलम सात: दात.

अर्लँड थिबोडो लॉब्स्टर पकडतो.
बुटांचा चिखल पुसून पुसून आत आला.
म्हणाला, गेल्या डिसेंबरात मीच उपटला,
पक्कडीनं, बोटीवर. आधी इंजिन बंद केलं,
हात हलू नये म्हणून.
सगळे हसले. तोही हसला,
तळहात तोंडावर धरून.

लुईस्टनहून आलेली हिबो वार्सामे म्हणाली,
मी रोज रात्री चार म्हाताऱ्यांच्या कवळ्या धुते.
चारही पेले ओळीनं ठेवते, नावं चिकटवून.
माझं तोंड मी उजव्या बाजूनं वापरते.
एवढंच.
तिची चाळीस सेकंदं उरली होती.
ती कुणाला परत करायची, तिला कळेना.
मलाही.

मग प्रेंटिस क्विम्बी, विरोधात.
आजोबांनी बर्फावरून फळ्या ओढत आणून
बांधलेलं घर आहे त्याचं; छत गळतं, तळं मात्र महागलं.
कर वाढला तर विकावं लागेल.
त्याच्या कोटाला कोपरावर ठिगळ होतं,
माझ्या भावाच्या असतं तसंच.
मला त्याचंही पटलं.
दुपारी तीनपर्यंत मला प्रत्येकाचंच पटत आलं होतं,
आणि म्हणूनच बहुधा मला मत नाही, दिवे आहेत.

साठ माणसांनी दाताच्या कण्या केल्या.
मी त्या मोजल्या, तीन तीन मिनिटांच्या मापानं.

साडेचारला हिशेबखात्याचा पोरगेला माणूस आला,
एकच कागद घेऊन.
अकरा दशलक्षांची तूट.
अध्यक्षांनी चष्मा काढला, डोळे चोळले,
कागद परत वाचला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर
आकडा लाजेल.
मग कुणीतरी हळूच म्हणालं, सात.
भाषण कुणीच केलं नाही.

आमच्याकडे वगळलेला मजकूर पुसत नाहीत.
त्याच्यावरून एक आडवी रेघ मारतात,
खालचे शब्द वाचता येतात.
नोकरीला लागले तेव्हा मला हे फार आवडलं होतं:
जे दिलं नाही, ते निदान दिसतं.
आज मी ती रेघ ओढली,
हिरड्यांवरून, मुळांवरून, मुलांच्या दुधाच्या दातांवरून,
जीभ दाढेपासून दूर धरून.

आठ विरुद्ध पाच. समितीत मंजूर.

बाहेर अर्लँडनं विचारलं, झालं?
झालं, मी म्हणाले.
सगळं?
जवळजवळ.
तो हसला. हात आपोआप वर गेला.
मी पुढचं सांगायला तोंड उघडलं
आणि गार वारा थेट नसेपर्यंत पोचला.

हिबो बसची वाट बघत उभी होती.
माझा गाल बघितला, काही विचारलं नाही.
पिशवीतून चहाच्या मसाल्याची पुडी काढली,
निवडून एक लवंग दिली, टोक न मोडलेली.
दाढेखाली धर, चावू नकोस.

वर जाऊन मी प्रती काढल्या, एकशे शहाऐंशी.
यंत्रातून एकेक पान गरम बाहेर येत होतं,
आणि दर प्रतीत सातव्या पानावर
तीच रेघ, सरळ,
मी मारलेली.
लवंग हळूहळू झिणझिणत गेली.
नंतर त्या बाजूचं काहीच कळेना.