सात शब्द

उल्हासबाब म्हणायचे,
होर्डिंगवर सात शब्द, बाय. आठवा म्हणजे अपघात.
पर्वरीच्या उतारावर स्कूटरवाल्याकडे चार सेकंद असतात,
त्यातला एक खड्ड्याला जातो.

चौदा वर्षं मी सातात बसवत आले
सोनं, सिमेंट, शहाळ्याच्या वासाचा साबण,
दोनापावलचे फ्लॅट, ज्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो
असं लिहिलं तेव्हा खिडकीच नव्हती अजून.
क्रियापद बहुधा एकच. या.
बघा, राहा, विकत घ्या ते नंतर,
आधी या.

मार्चमध्ये अठरा जून रस्त्यावरच्या ऑफिसला कुलूप लागलं.
जूनमध्ये उल्हासबाब मोबाइलच्या चौकोनात आले,
मागे देवघर, समईवर टांगलेला मास्क.
बराच वेळ नुसते ओठ हलत राहिले.
कोणीतरी म्हणालं, सर, म्यूट.
मग त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं,
दुसऱ्यांदा जरा सरावानं.
अकरा जणांतले सात.
मी मोजले. सवय.

चित्रं करणारा क्लेतो बेतूलला भावाच्या होडीवर गेला.
फळ्यांवर चढणारा मंजुनाथ गदगला,
दोर आमच्या जिन्याखाली ठेवून.
म्हणून ते शेवटचं उतरवायला कोणी उरलं नाही:
या उन्हाळ्यात गोव्याला या, समुद्र वाट बघतोय.
फ्लेक्सवरचा लाल आधी उडतो, पाठोपाठ पिवळा.
निळा चिवट.
ऑगस्टपर्यंत छत्रीखालचं ते सुखी कुटुंब
बुडून आठ दिवस झाल्यासारखं निळं,
आणि हसतंय.

दिवाळीनंतर माझी नोकरी गोव्याला आली.
म्हणजे मुंबईची, बंगळूरची, माझ्यासारखीच,
तीच खुर्ची, तेच पद, तिप्पट पगार,
आसगावला व्हिला भाड्याने घेऊन राहिली.
संध्याकाळी तिला मी कॅफेच्या पडवीत बघायचे,
लॅपटॉप उघडा, पायात हवाई चपला,
कॉलवर कुणाला तरी सांगत असायची,
इथे सुचतं यार.

मला पेपरवाल्यांनी घेतलं. घरूनच, म्हापशाहून.
सोन्याच्या जाहिराती गेल्या, फ्लॅटच्या गेल्या,
पान भरत होतं ते एकाच मालाने.
त्यांना पैसे सेंटिमीटरवर, मला नगावर.
फोटो व्हॉट्सॲपवर यायचे, कुठल्यातरी लग्नातले कापलेले,
खांद्यावर भलत्याच कुणाचा हात राहिलेला.
हात पुसायचा, नावं तपासायची, सुना आधी की जावई,
लंडनमधला नातू राहून गेला तर सकाळी फोन.
आणि तळाशी एक ओळ, सगळ्यांना तीच.
कधी लिहिली आठवत नाही, पण माझीच.
इतकी छापली गेलेली दुसरी ओळ माझ्या नावावर नाही.

मे महिन्यात एका दुपारी चाळीस नग झाले.
एकेचाळिसावा फोन उल्हासबाबांचा.
आवाज ओळखला नसावा त्यांनी, किंवा ओळखला असेल.
आई, म्हणाले. वय एक्याण्णव. मडगावला. फोटो पाठवतो.
सांगत गेले, मी लिहीत गेले,
मुलगे, मुली, समस्त प्रियोळकर परिवार.
शेवटची ओळ मी वाचून दाखवली:
सध्याच्या परिस्थितीत कृपया कोणीही भेटीस येऊ नये.

पलीकडे पंखा ऐकू येत होता.
सात, ते म्हणाले.
हो.
बरोब्बर बसतात.
मग घसा साफ करून, जुन्या मीटिंगमधल्या आवाजात:
आणि पूर्णविराम काढ, बाय.
मोठ्या अक्षरांना आपण पूर्णविराम देत नाही,
माणूस तिथे थांबतो.

मी काढला