नमुन्याची भिंत

राऊच्या प्लॉटवर, कोपऱ्यात,
मी एक भिंत उभी केली. आठ बाय दहा.
आत थर्माकोल, दोन्ही अंगांनी जाळी, वर सिमेंटचा लेप.

येणारा प्रत्येकजण आधी ती वाजवून बघतो,
माठ घेताना वाजवतात तशी,
बोट मुडपून, कान तिरपा करून.
मग माझ्याकडे बघतो,
जणू मीच पोकळ निघालो.

“आवाज भद्द येतो हो,” दुनाखेकाका म्हणाले.
तीस वर्षं डाकखान्यात पार्सलं उचलली त्यांनी,
वजनावरून माल ओळखतात.
“उद्या व्याही आले आणि टेकून बसले, तर?”

मी आकडे काढले. उष्णता, भूकंप, प्रयोगशाळेचा शिक्का.
काकांनी कागद नीट घडी करून
माझ्याच खिशात ठेवला.

बँकेच्या फॉर्मवर दोन चौकटी होत्या:
पक्की, कच्ची.
साहेब सज्जन. पेन दोन्हींवर फिरवत राहिले,
मग चहा मागवला.

गेंदालाल मिस्त्रीने नुसता एक खिळा मागितला.
खिळा काही न विचारता आत गेला
आणि बोटानं ओढताच बाहेर आला.
“देव कुठं टांगायचा, साब?”
त्याला वेगळा स्क्रू असतो, मी म्हटलं,
सियागंजात एका दुकानात मिळतो.
“एका,” तो म्हणाला.
एवढंच.

शेवटी विटा आल्या. ट्रॉलीभर, लाल.
काकांनी एक उचलून दुसरीवर आपटली.
खण्ण.
किती दिवसांनी हसले.

आता मे चाललाय.
दुपारी गेंदालाल भाकर सोडतो
ती माझ्या भिंतीच्या आडोशाला.
मटकी तिथंच. सुनेचं तान्हं तिथंच निजवलेलं,
भिंतीला पाठ लावून.
“ठंडक आहे हिच्यात,” तो कबूल करतो,
कांदा फोडत. खोटं कशाला बोलेल?

मग, वर न बघता:
“विटेला तडा गेला तर लोक मला बोलावतात.
हिला गेला, तर मी कुणाला बोलावू?”

मी गाडी काढली. सियागंज.
शिडीवर चढून दुकानदारानं
वरच्या फळीवरची धूळ झटकली, खोकं उतरवलं.
“हा माल मागणारे तुम्ही दुसरे.”
बिल फाडता फाडता थांबला,
चष्मा वर केला.
“पहिलेपण तुम्हीच होतात ना?”