बोट चुकलेल्यांची नोंद

माझी बायको उवा मोजते.
नोलसोय बेटावर आता सगळ्यांना ठाऊक आहे हे;
दुकानात कुणी डोकं खाजवलं
की बाकीचे रानवॉकडे बघतात.

डोक्यातल्या नाहीत. वादळपाखरांच्या पिसांतल्या.
पाखरू मुठीएवढं, काळं, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा,
दिवसभर समुद्रावर.
रात्री एकनंतर दगडी कुंपणाच्या फटींतून घरघर,
मांजर घोरावं आणि मधेच त्याला उचकी लागावी तशी.
ती एकेक हातात घेते, पंख उलगडते,
पांढऱ्या कागदावर कुंचल्याने झटकते.
मी लाल दिवा धरून उभा.
तिच्या शास्त्रात पक्ष्याला यजमान म्हणतात,
घरात मला.

हिवाळ्यात ती दोन झाडं काढते,
डावीकडे पक्ष्यांचं, उजवीकडे उवांचं,
आडवी निजवलेली, शेंड्याला शेंडा.
कुणाची ऊ कुणाच्या पिसांत, त्याच्या मधे रेघा.
रेघा सरळ गेल्या असत्या
तर आम्ही जानेवारीभर वेळेवर जेवलो असतो.

मग प्रोग्रॅम प्रत्येक गुंत्याला किंमत लावतो.
पक्षी दुभंगला आणि ऊही त्याच्यासोबत: शून्य.
ऊ एकटीच दुभंगली: एक.
नाहीशी झाली, त्याचाही एक.
परक्या अंगावर उडी मारली तर दोन.
सगळ्यांत स्वस्त पडेल तो इतिहास.

'उडीला दोनच का?'
'कुणीतरी आधी दोन लिहिलं होतं.'
तिने तीन करून पाहिलं.
एका रात्रीत
अर्ध्या अटलांटिकची सोयरीक मोडली.

पहाटे ताळा मिळाला. एक लाख चौदा हजार इतिहास,
सगळे एकाच भावाचे.
काहींत तर ऊ अशा पक्ष्यावर उडी मारते
जो अजून झालेलाच नाही.
ते वगळ की, मी म्हणालो.
वगळायला बसलं, ती म्हणाली, तर मशीन म्हातारं होईल.
मग तिने उजवीकडची पानं पिसली, पत्त्यांसारखी, हजारदा,
हे सगळं नुसत्या योगायोगानेही जुळतं का बघायला.
चारदा जुळलं.
त्या चारांवरून ती दोन दिवस गप्प होती.

मला त्यातलं एकच नीट कळतं.
नाहीशा होण्याच्या एका प्रकाराला ते लोक
'बोट चुकणं' म्हणतात:
मूठभर पक्षी नवं बेट गाठतात
आणि त्यांच्या अंगावर नेमकी ती ऊ नसते.
सव्वासातची टोर्सहाउनची फेरी मीच सोडतो.
दोर सोडल्यावर धक्क्यावर पळत येणारा दिसतो,
त्याला मी हात करतो.
पण जो वळणाच्या अलीकडेच थांबला,
आणि जो आज निघालाच नाही,
मागच्या कठड्यावरून दोघांच्या जागी सारखंच ओलं काँक्रीट.
तिसरंही असतं, रानवॉ म्हणते.
ऊ होती. मलाच सापडली नाही.

फेब्रुवारीत शाळेतून चिठ्ठी आली.
तूरीच्या वर्गात उवा.
माझ्या आईने काठी आपटून विचारलं, कुणाकडून आल्या?
आणि चर्चपासून धक्क्यापर्यंत एकेक घर घेतलं,
पाच घरांच्या मागच्या दोन पिढ्या सुद्धा.
मी म्हणालो, उडी. दोन गुण.
कुणी हसलं नाही.

रानवॉने मेजावर तोच पांढरा कागद पसरला,
तूरीला स्टुलावर बसवलं, दिवा ओढून घेतला.
पहिली पडली ती चालायला लागली,
कागदाच्या कडेपर्यंत गेली, वळली.
'ही कुठून आली असेल गं?' तूरीने विचारलं.
रानवॉ भिंगातून बघत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.
आईचं पाचवं घर संपून सहावं सुरू झालं होतं.

रानवॉने फणी पुन्हा कानामागे घातली.
'मान खाली,' ती म्हणाली.