निरीक्षक झोपली होती

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांमागे
जुन्या शिरीषाच्या खोडात एक ढोली आहे.
धनेशाच्या मादीने तिचं तोंड आतून लिंपून घेतलंय,
फट ठेवलीय चोचीपुरती.

उईके मॅडमनी कागद दिले, पाच रकान्यांचे:
वेळ. नर आला का. काय आणलं. किती. शेरा.
झाडाला हात लावायचा नाही,
खाली उभं राहून बोलायचं नाही,
आणि वाईट वाटलं तरी मध्ये पडायचं नाही.
ही शेवटची अट मित्राने दोनदा वाचली.

मग घरात ड्यूट्या लागल्या.
पहाट मित्राची.
सकाळ शेजारच्या रेवारामकाकांची; तीस वर्षं पॉइंट्समन होते,
नर आला की "अप" लिहितात, गेला की "डाऊन".
संध्याकाळ बोधीची. त्याला वीसपर्यंत आकडे येतात,
पुढे तो "बहुत" लिहितो.
हे मालगाडीवर गार्ड,
इटारसीहून कधी परततील त्याचा भरवसा नाही,
म्हणून यांना फक्त शेरा.
आणि दुपार माझी.
नागपूरची दुपार, मे महिन्यातली.

१२.०५. आला. उंबरं, सात.
गळ्यातून एकेक वर काढतो अन् देतो,
आई पदराच्या गाठीतून सुटे पैसे काढायची तसा.
१२.२०. आला. पिंपळाची फळं, अकरा.
१२.३५. आला. पाल असावी. शेपूट दिसली.

कूलरची घरघर. ओल्या वाळ्याचा वास.

डोळे उघडले तर दोन वाजून दहा मिनिटं,
कागदावर दीड तासाची कोरी जागा.
भरून टाकावी, वाटलं.
पंधरा-पंधरा मिनिटांनी येतोच की तो,
सात, नऊ, सहा लिहायला काय लागतं?
जनगणनेवाल्याने माझ्या सासूचं वय
असंच लिहिलं होतं, फाटकातूनच.

पेन्सिल टेकवली.
मित्रा मागे उभी, हातात आमरसाची वाटी.
बोलली काहीच नाही.
पोरगी न बोलता उभी राहिली की बापावर जाते.

शेऱ्यात लिहिलं:
१२.३५ ते २.१०. निरीक्षक झोपली होती.

जूनमध्ये मॅडम आल्या, कागद चाळले,
बोट त्या ओळीवर थांबलं.
मी चहा टाकायच्या निमित्ताने उठले.
"तेवीस घरांचे कागद आले," त्या म्हणाल्या,
"उन्हाळाभर कोणाचाच डोळा लागला नाही म्हणे.
तुमच्या बाकीच्या ओळी मी डोळे मिटून घेते."
अन् स्वतःच हसल्या.

पिल्लू एकच निघालं.
सगळे घरी असताना नाही उडालं,
बोधीच्या पाळीत उडालं.
आला का, या रकान्यात त्याने लिहिलंय: गेला.
किती, यात: बहुत.

त्या दीड तासात नर किती खेपा आला,
काय घेऊन आला,
ते ढोलीतल्या तिलाच ठाऊक.
तिच्याजवळ कागद नव्हता.